टाच टेकवलेला चढ

यमुना गावित मैदानाच्या पायऱ्या आडवी उतरत होती.

डावा हात कठड्यावर, पाऊल पुढे न टाकता बाजूला, मग दुसरं त्याच्याशेजारी. सिमेंटच्या बारा पायऱ्या तिने अशाच संपवल्या. शेवटच्या पायरीवर तिची नजर माझ्यावर पडली आणि ती ताठ झाली.

“काय गं, कठडा पुसतेस का?” मी विचारलं.

“थंडी हाये ताई. पाय आखडत्यात.”

२०१० चा डिसेंबर होता. सकाळचे सव्वासहा. नाशिकच्या एका दैनिकात मी क्रीडा पान सांभाळत होते, आणि एकोणीस दिवसांवर आलेल्या राज्य क्रॉसकंट्री निवड चाचणीबद्दल लिहायला मैदानावर आले होते. महिलांची शर्यत आठ किलोमीटरची. पहिल्या चौघी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र असलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या कोट्यातून अर्ज करता यायचा, आणि यमुनाला तेवढंच हवं होतं. आधीच्या दोन वर्षी ती सातवी आणि सहावी आली होती. वय एकवीस, वजन त्रेचाळीस किलो, गाव पेठ तालुक्यातला एक पाडा. एवढं माझ्या वहीत आधीच होतं.

तिचे प्रशिक्षक वाघचौरे सर ट्रॅकवर ओणवे झाले होते. मैदान आखायची पांढरी फक्की ते पिठाच्या चाळणीने दुसऱ्या लेनमध्ये पसरत होते, दहा-बारा फूट लांब, पापडाइतकी पातळ.

“या मॅडम. आज तुम्हाला दाखवतोच,” ते म्हणाले. “यमुने, दोन राउंड मारून ये. मग यावरून जा. वेगात.”

तिने दोन फेऱ्या मारल्या. पहिल्या शंभर मीटरमध्ये ती जरा जड वाटली, मग मोकळी झाली. फक्कीवरून ती गेली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. सरांनी गुडघे टेकले आणि ठसे वाचायला घेतले. चार ठसे होते. चवडा, बोटं, आणि मागे कोरी पांढरी फक्की.

“टाच आहे कुठं?” त्यांनी मला विचारलं.

“नाही दिसत.”

“नाहीच! तीन आठवड्यांपूर्वी ही पोरगी टाच आपटत पळायची. धप धप. आता बघा, हरणीसारखी.” त्यांनी शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकच्या कव्हरातलं कात्रण काढलं. “तुमचीच कृपा.”

कात्रण माझ्या लेखाचं होतं. मथळा होता, ‘टाच टेकवू नका’. जगातले मोठे धावपटू चवड्यावर कसे उतरतात, अनवाणी पळणाऱ्यांचं पाऊल आपोआप तसंच कसं पडतं, टाचेवर उतरलं की गुडघ्याला हिसका कसा बसतो. परदेशी वृत्तसंस्थेच्या मजकुरावरून मी तो केला होता. वाघचौरे सरांकडे प्रयोगशाळा नव्हती, कॅमेरा नव्हता. एका कॉलेजात ते व्यायामाचे शिक्षक होते आणि आमचं क्रीडा पान त्यांचं पाठ्यपुस्तक होतं. मला बरं वाटलं हे लपवत नाही.

त्या सकाळी यमुना चारशे मीटरच्या बारा फेऱ्या पळाली. एकदाही लंगडली नाही. मग ती गवतावर बसली, गूळ-शेंगदाणे खाल्ले, वीस मिनिटांनी उठली. उठल्यावर तिची पहिली दहा पावलं मी मोजली. उजवा पाय टाचेवर येतच नव्हता.

“कधीपासून?” मी तिला गाठून विचारलं.

“काय कधीपासून?”

“यमुना.”

तिने सरांकडे पाहिलं. ते लांब चाळणी झटकत होते. “पंधरा दिस झालं. सकाळचं पहिलं पाऊल लई कठीण. खोलीतून नळापर्यंत भिंत धरून जाते. मग तापलं की जातं.”

“आणि संध्याकाळी?”

“परत येतं. पण सरांना सांगू नका. मलाच जमंना म्हणतील.”

मी सरांना सांगितलं.

ते आधी हसले. “पोटरी नवी तयार होते आहे, मॅडम. दुखणारच.” मग त्यांनी तिला बूट काढायला लावला, टाचेच्या वर दोन बोटं दाबली आणि यमुना बसल्या जागी उडाली. सर उठले. त्यांनी स्कूटरला किक मारली.

डॉ. तस्नीम कोतवाल फिजिओथेरपिस्ट होत्या. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ दोन खोल्यांचा दवाखाना, बाहेर कंबरदुखीवाल्यांची रांग. त्यांनी यमुनाला टेबलावर पालथं झोपवलं, पावलं कडेबाहेर लोंबती ठेवली आणि दोन्ही टाचांमागची शीर चिमटीत धरून वरून खाली आली. डावी सरळ होती. उजवी मध्येच जाड झाली होती, दोरीला गाठ मारावी तशी.

“ही कंडरा,” त्या म्हणाल्या. “पोटरीला टाचेशी बांधणारी. शरीरातली सगळ्यात दणकट. यमुना, वजन किती तुझं?”

“त्रेचाळीस.”

“पळताना एका पावलाला हिच्यावर किती ओढ येते, अंदाज कर.”

“त्रेचाळीस?”

“त्याच्या सहा-सात पट. अडीच-तीन क्विंटल.”

“काय सांगता!” वाघचौरे सर म्हणाले. “एका पावलाला?”

“एका पावलाला. आणि आठ किलोमीटरला एका पायाची अडीच हजारांवर पावलं होतात.”

यमुनाने मान वळवून आपल्याच पायाकडे पाहिलं. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. पातळ कातडी, वहाणेच्या पट्ट्याचा वण आणि खाली बोटाएवढी एक उभी रेघ. मी आकडे वहीत घेतले आणि मलाही ते खरे वाटेनात. तीन क्विंटल म्हणजे धान्याची तीन मोठी पोती. ती उचलायची, लगेच सोडायची, पुन्हा उचलायची, मिनिटाला नव्वद वेळा, आणि हे करताना तिला फक्त दम लागत होता.

“मग टाचेवर उतरणं चूक की चवड्यावर?” सरांनी विचारलं.

“दोन्ही बरोबर. भार कुठंतरी जाणारच, सर. टाचेवर उतरलात तर गुडघा जास्त घेतो. चवड्यावर उतरलात तर पोटरी आणि ही. फार नाही, दहा-पंधरा टक्के जास्त. पण ते प्रत्येक पावलाला. हिचे गुडघे दुखायचे का आधी?”

“नाही.”

“मग बदललं कशाला? आणि किती दिवसांत?”

“तीन आठवडे.”

डॉक्टरांनी चिमटी सोडली. “स्नायू महिन्याभरात नवं काम शिकतो. कंडरेला अर्धं वर्ष लागतं, कधी जास्त. हिच्यात रक्त कमी पोचतं, हिचं सगळं सावकाश. वीस वर्षं जे काम हिला थोडं कमी होतं, ते तुम्ही तीन आठवड्यांत वाढवलंत. तुम्हाला सांगितलं कुणी?”

सरांचा हात खिशाकडे गेला, आणि तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघायचंही टाळलं. त्यांचं ते सौजन्य मला आजही आठवतं.

“मी लिहिलं होतं,” मी म्हणाले.

“असं नुसतंच?”

“मूळ मजकूर बघावा लागेल.”

त्याच दुपारी ऑफिसात जाऊन मी तो पाहिला. माझ्या संगणकात होताच. शेवटचे दोन परिच्छेद मी लिहून ठेवलेले होते, माझ्याच शब्दांत. ज्यांची ही पद्धत जन्माची नाही त्यांनी ती सहा महिने ते वर्षभरात, थोडी थोडी अंगवळणी पाडावी. घाई करणाऱ्यांच्या पोटरीच्या आणि टाचेमागच्या दुखापती वाढतात. टाचेवर उतरून मोठ्या शर्यती जिंकणारेही भरपूर आहेत. असं मी लिहिलं होतं. छापलं गेलं नव्हतं. त्या दिवशी पानावर ऐनवेळी जाहिरात आली आणि अकरा ओळी जास्त झाल्या. आमच्या धंद्यात मजकूर नेहमी खालून कापतात. महत्त्वाचं वर असतं, हे गृहीत असतं. कापणारी मीच होते. अर्धं मिनिट लागलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या अकरा ओळी कागदावर छापून मैदानावर नेल्या. सरांनी दोनदा वाचल्या.

“म्हणजे छापलेलं खोटं नव्हतं.”

“नव्हतं. अर्धं होतं.”

“मी बी शहाणा,” ते म्हणाले. “अर्ध्यावर पोरीला पळवली.” त्यांनी खिशातलं कात्रण काढलं, फाडलं नाही, फक्त नवा कागद त्याच कव्हरात त्याच्यामागे सरकवला. “यमुने, मॅडमना काय बोलायचं असेल तर बोल. तुझा हक्क आहे.”

यमुना बुटाची नाडी बांधत होती. “ताई, वरचं वाचायला मजा आली असंल ना लोकांना?”

“आली.”

“खालचं वाचलं असतं का सरांनी?”

सर खो खो हसले. मग त्यांचे डोळे भरले आणि ते चाळणी शोधायला गेले. चाळणी त्यांच्या हातातच होती.

डॉ. कोतवालांचं मत स्वच्छ होतं: शर्यत सोडावी. यमुनाचंही स्वच्छ होतं: सोडणार नाही. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, “पळणारच आहेस तर माझ्या अटींवर. पाऊल जुनं. टाच आधी. बुटात दोन्हीकडे टाचेखाली नमद्याची, जाड लोकरी कापडाची, घडी घालायची. रोज पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची, पंधराच्या तीन खेपा, सकाळ-संध्याकाळ. त्याने आत्ता बरं वाटणार नाही. तीन महिन्यांनी वाटेल.”

“दुखलं तर?”

“दुखेल. दहापैकी चारपर्यंत दुखू दे. पाच झालं की ओढ कमी कर. आणि चढ. सगळ्यात वाईट चढ. चढाला माणूस आपोआप चवड्यावर जातो आणि सगळा भार हिच्यावर. चढाला चवड्यावर गेलीस तर ती त्या दिवशी फाटेल असं नाही. पण फाटली तर तिथंच फाटेल.”

“मग चढ कसा पळू?”

“ते मला नाही सांगता येणार. मी डोंगरातली नाही.”

यमुनाने थोडा विचार केला. “मी हाये,” ती म्हणाली.

पुढचे अठरा दिवस मी रोज गेले नाही. जेव्हा गेले तेव्हा ती सपाटीवर सावकाश पळताना दिसली, धप धप, जुन्या पावलाने. फक्की पसरलेली नव्हती. सर घड्याळ हातात धरून गप्प उभे असायचे. एकदा ते मला म्हणाले, “सवय लागली होती ओ ‘चवडा, चवडा’ ओरडायची. आता जीभ चावून धरतो.”

चाचणी म्हसरूळच्या पुढच्या माळावर होती. दोन किलोमीटरची फेरी, अशा चार. प्रत्येक फेरीच्या शेवटी मुरमाची एक टेकडी, तिच्यापलीकडे उतार आणि उताराच्या पायथ्याशी अंतिम रेषा. चढाची लांबी आयोजकांच्या नकाशावर चौऱ्याण्णव मीटर होती. मी आणि सर चढाच्या मध्यावर उभे राहिलो. तिथून खालचा अर्धा माळ दिसायचा आणि वरचं टोकही.

सदतीस मुली सुटल्या. पहिल्या फेरीला यमुना नववी होती.

पहिल्यांदा ती चढाला लागली तेव्हा आमच्या आसपासची मंडळी हसली. कारण ती पळतच नव्हती, किंवा आपण ज्याला पळणं म्हणतो ते करत नव्हती. बाकीच्या मुली चवड्यांवर उसळत, बूट मुरमात रुतवत वर जात होत्या. यमुनाने पावलं किंचित बाहेर वळवली होती. पाऊल आखूड पडायचं, पण पूर्ण तळवा टेकायचा, टाचेसकट. कंबर खाली, मान स्थिर, हात जवळजवळ हलत नव्हते.

“अगं पाणी सांडेल!” मागून कुणीतरी ओरडलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती खरोखरच तशी चढत होती. डोक्यावर दोन हंडे घेऊन झऱ्यावरून पाड्यावर जावं तशी. तिच्या आईचं, आजीचं, तिचं स्वतःचं सहा-सात वर्षांची असल्यापासूनचं पाऊल. सगळा जोर मांडीचा आणि खुब्याचा. पोटरी नुसती सोबत.

चढावर तिला तीन मुलींनी मागे टाकलं. उतारावर तिने त्या तिन्ही परत घेतल्या, आणि वर एक.

दुसऱ्या फेरीला आठवी. तिसऱ्या फेरीला सातवी चढाला लागली आणि पाचवी होऊन उतरली, कारण पुढच्या दोघी चढावर इतक्या उसळल्या होत्या की माथ्यावर त्यांचे पाय संपले. आता कुणी हसत नव्हतं. तिचा श्वास मला ऐकू आला. एकसारखा होता. चेहऱ्यावर वेदना होती की नाही ते मला कळलं नाही, आणि मी अंदाज लिहीत नाही.

चौथ्या फेरीला ती पाचवीच होती. चौथी होती सांगलीची रेवती मोकाशी, पंधरा मीटर पुढे. माळावर ते अंतर कमी झालं. दहा. आठ. चढाच्या पायथ्याशी पाच. रेवती संपलेली होती. तिचे खांदे डोलत होते. यमुना ताजी होती. हे बघणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं. चवड्यांवर वीस पावलं, फार तर पंचवीस, आणि ती पुढे गेली असती. चौथी. राष्ट्रीय स्पर्धा, प्रमाणपत्र, अर्ज.

“चवडा!” वाघचौरे सर ओरडले. “यमुने, आता! चवड्यावर ये! आता ये!”

अठरा दिवस चावून धरलेली जीभ सुटली होती. मी त्यांचा दंड धरला. माझंही तोंड उघडलं होतं. सगळं माहीत असून, आकड्यांसकट माहीत असून, मला तिने तेच करावं असं वाटत होतं.

यमुना आमच्यापासून दोन हातांवरून गेली. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही, पायाकडे पाहिलं. उजवी टाच टेकली. उचलली. टेकली. प्रत्येक वेळी टाचेमागची ती रेघ ताणली जायची, कातडीखाली पांढुरकी व्हायची आणि सैल पडायची. मी मोजायला लागले. माझ्यासमोरून माथ्यापर्यंत तिने एकोणसाठ पावलं टाकली. रेवती तिच्यापुढे चार मीटर होती, मग सहा, मग पुन्हा पाच. एकोणसाठपैकी एकही पाऊल चवड्यावर पडलं नाही. तिच्याकडे दम होता, पाय होते, जागा हाताच्या अंतरावर होती, आणि तिने टाच खाली ठेवली. त्यानंतर मी चौदा वर्षं खेळ पाहिले, विक्रम पाहिले, पदकं पाहिली. इतकं कठीण काही करताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

आम्ही माथ्यावर धावलो. उतारावर तिने अंग मोकळं सोडलं होतं. दोघी रेषेवर जवळजवळ एकत्र आल्या. जवळजवळ. रेवती चौथी. यमुना पाचवी, एका सेकंदाने.

आम्ही खाली पोचलो तेव्हा ती गवतावर बसून बूट काढत होती. नमद्याची घडी घामाने भिजली होती. सर तिच्यासमोर उकिडवे बसले.

रेवती मोकाशी पाण्याची बाटली घेऊन तिथे आली. “तू दमली नव्हतीस,” ती यमुनाला म्हणाली. तक्रार केल्यासारखी. “चढाला मला मागं तुझा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, गेले मी. आली का नाहीस?”

“पाय दुखतोय माझा. जपत होते.”

“निवड चाचणीत?”

“मग काय. चाचणी पुढल्या साली पण हाये.”

 रेवतीने आपली बाटली यमुनाला दिली आणि ती गेली.

पुढल्या वर्षी त्याच टेकडीवर यमुना तिसरी आली. चढ पळून आली, तोवर तिची शीर तिला तयार होती. त्यानंतर ती नऊ वर्षं पोलीस दलाकडून पळाली. पण ते त्या दिवशी आम्हा तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी ती पाचवी होती आणि यादी चारावर संपली होती.

“मी ओरडलो,” सर अखेर म्हणाले. “सगळं कळून ओरडलो. ऐकू गेलं का तुला?”

“गेलं ना. अख्ख्या माळाला गेलं.”

“माझी चूक झाली, पोरी.”

“तुम्ही एकटंच नव्हता सर.” तिने मोजा पिळला आणि माझ्याकडे पाहून हसली. “ताईपण ओरडल्या. ‘चवडा’ म्हनूनच.”

“मी नाही ओरडले,” मी म्हणाले. “तोंड उघडलं असेल. ओरडले नाही.”

“दोन आवाज होते. एक गड्याचा, एक बाईचा. दुसरी बाई होती का तिथं?”

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली; दवाखान्यात नजर टाळली होती तितक्याच सौजन्याने. मी वही उघडली. शेवटच्या चढाच्या नोंदीत सरांचे शब्द होते, रेवतीचं अंतर होतं, एकोणसाठ हा आकडा होता. माझ्या ओरडण्याची नोंद नव्हती.

“मग तू ऐकलं का नाहीस?” मी विचारलं. “आम्ही दोघं सांगत होतो.”

“आमच्याकडं गाडी चढाला लागली की अख्खा पाडा बैलावर ओरडतो,” यमुना म्हणाली. “बैल काय ऐकतो का? त्याला माहीत असतं, ओढायचं त्यालाच हाये.”

तिने बूट एकमेकांना बांधून खांद्यावर टाकले, सरांच्या डोक्याचा आधार घेऊन उठली आणि अनवाणी, सावकाश, पूर्ण पाऊल टेकत पाणी भरायला गेली. मी पेन उघडलं आणि नोंद पुरी केली.